यकृत प्रत्यारोपण व प्रतिकारशामक औषधे : एक ऐतिहासिक आढावा

ऑक्टोबर २०१५ मध्ये उज्जैनपासून सुमारे ५५ किलोमीटरवरील इंदूरमधून एका मेंदूमृत दात्याचे यकृत विमानाने गुडगावला नेण्यात आले. माळव्यातील अवयवदानाच्या इतिहासात ही घटना महत्त्वाची ठरते. परंतु यकृत बसविले म्हणजे काम संपले असे नाही. शरीर त्या अवयवाला परका समजते व नाकारू पाहते. ही प्रतिक्रिया रोखण्यासाठी बहुतेक रुग्णांना आयुष्यभर औषधे घ्यावी लागतात. या औषधांची वाटचाल तपासणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

डॉ. थॉमस स्टार्झल यांनी १ मार्च १९६३ रोजी अमेरिकेतील डेन्व्हर येथे पहिले मानवी यकृत प्रत्यारोपण केले. तो रुग्ण वाचला नाही. त्या काळी अॅझाथायोप्रिन व स्टेरॉइड हाच मुख्य आधार होता आणि वर्षभर जगणारे रुग्ण साधारण एक तृतीयांशच असत. पुढे नॉर्वेच्या मातीतील बुरशीपासून सायक्लोस्पोरिन मिळाले. १९८३ मध्ये अमेरिकेत त्यास मान्यता मिळाली व हे प्रमाण ७० टक्क्यांच्या आसपास गेले. १९८४ मध्ये जपानमधील त्सुकुबाच्या मातीतील जिवाणूपासून टॅक्रोलिमस हाती आले. स्टार्झल यांनीच १९८९ मध्ये पिट्सबर्ग येथे त्याचा रुग्णांवर वापर सुरू केला.

या दोहोंत श्रेष्ठ कोणते? २००६ मध्ये १६ चाचण्यांतील ३,८१३ रुग्णांची माहिती एकत्र तपासण्यात आली. तीनुसार १०० रुग्णांना सायक्लोस्पोरिनऐवजी टॅक्रोलिमस दिल्यास अवयव नाकारला जाण्याचे ९ प्रसंग, यकृत निकामी होण्याचे ५ प्रसंग व २ मृत्यू टळतात; मात्र ४ जणांना नव्याने मधुमेह होतो. दोन्ही औषधे मूत्रपिंडास अपायकारक ठरू शकतात.

भारतात १९९४ मध्ये अवयव प्रत्यारोपणाचा कायदा झाला व १९९८ मध्ये दिल्लीत पहिले यशस्वी यकृत प्रत्यारोपण झाले. आज टॅक्रोलिमस हेच प्रमुख औषध आहे. तथापि रक्तातील त्याची पातळी वेळोवेळी मोजावी लागते. पातळी घटली तर यकृत धोक्यात येते, वाढली तर मूत्रपिंड. म्हणून उज्जैनसारख्या शहरातील रुग्णाच्या दृष्टीने औषधाच्या निवडीइतकेच महत्त्व नियमित रक्ततपासणीला, परवडणाऱ्या किमतीला आणि एकही मात्रा न चुकविण्याला आहे. शस्त्रक्रिया एका दिवसाची असते, तिचे रक्षण मात्र रोजचे असते, हाच या इतिहासाचा निष्कर्ष होय.