लक्ष्मीच्या पदराला जर

राजा रविवर्मा यांची छापील चित्रे भडक म्हणून नाक मुरडणाऱ्यांची मला गंमत वाटते. त्यांनी ती जर आणि टिकल्या लावून सजवलेली पाहिलेलीच नसावीत. पाहिली असती, तर तक्रारीला आणखी पुष्कळ खाद्य मिळाले असते.

देवादिकांची छापील चित्रे रविवर्म्यांच्या आधीपासून मिळत होती. पुण्यात विष्णुशास्त्री चिपळूणकरांची चित्रशाळा १८७८ पासून ती छापत होती. रविवर्म्यांचा छापखाना १८९४ मध्ये मुंबईत निघाला. यंत्रे आणि तंत्रज्ञ जर्मनीतले. पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. प्रत्येक रंगाला वेगळी शिळा, तिच्यावर चित्र उलटे उतरवायचे, मग एकाच कागदावर रंगामागून रंग चढवायचा. एखादी शिळा केसभर सरकली की देवीच्या ओठांचा रंग हनुवटीवर! शेवटी वरून चकाकते रोगण. मुळात हे सोंगच होते. कागदाने तैलचित्राचे घेतलेले. पण काय झोकात घेतलेले!

आणि घरोघरी या सोंगाला आणखी साज चढे. माझ्या आजीकडची लक्ष्मी कमळावर उभी, शेजारी सोंडेत माळ घेतलेला हत्ती. आजीने पदराच्या काठावर खरी जर चिकटवली होती, दागिन्यांच्या जागी टिकल्या, आणि हत्तीलाही चमकी. खळ तिची घरचीच, गव्हाच्या पिठाची. चेहऱ्याला मात्र तिने हात लावला नव्हता. रविवर्म्यांनी रंगवलेले दागिने तिला पुरेसे वाटले नाहीत, एवढाच त्याचा अर्थ. अशा सजवलेल्या तसबिरी आज संग्राहक शोधत फिरतात, पण त्यांवर नाव चित्रकाराचे असते, जर लावणारीचे कुठेच नसते.

छापखाना धंदा म्हणून रविवर्म्यांना झेपला नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच त्यांनी तो फ्रिट्झ श्लायशर या जर्मन तंत्रज्ञाला विकला. देवी मग साबणाच्या आणि बाळांच्या खाद्याच्या जाहिरातींत, कॅलेंडरांवर गेल्या. कलासमीक्षक आनंद कुमारस्वामींना या चित्रांत नाटकीपणा दिसला. दिसणारच, होताच तो. पण नाटकवेड्या महाराष्ट्राला त्याचे वावडे कशाला असेल? रविवर्मा प्रेससाठी काम केलेले दादासाहेब फाळके पुढे पौराणिक चित्रपटांकडे वळले, यात मला तरी नवल वाटत नाही.

१९७२ मध्ये मळवलीच्या कारखान्याला आग लागली. घरोघरच्या तसबिरींची किंमत त्यामुळे वाढलीच. तुमच्या माळ्यावर अशी एखादी असेल, तर चौकट बदलताना दुकानदाराला बजावून सांगा: काच पुसा, वाळवी लागली असेल तर मागची फळी बदला, पण टिकल्या खरवडून चित्र ‘स्वच्छ’ करू नका.