दगडी पाल्याचं मूळ गाव

निफाड-दिंडोरीकडे कांद्याची पात कापताना विळा लागला, द्राक्षाच्या छाटणीत कात्री बोटात गेली, की बांधावरचा दगडी पाला खुडायचा, तळहातावर चुरगळायचा आणि रस जखमेवर पिळायचा. हीच एकदांडी, हीच कंबरमोडी. आजीचं औषध म्हणून ते थेट ऋषिमुनींपर्यंत नेलं जातं. पण चरक-सुश्रुतांनी हे झाड पाहिलेलंच नाही! ते मध्य अमेरिकेचं. लिनियसने 1753 मध्ये त्याला ‘ट्रायडॅक्स प्रोकम्बन्स’ म्हटलं, ते मेक्सिकोतल्या व्हेराक्रूझचं झाड म्हणून.

मिरची, मका, टोमॅटो तिकडचेच, पण ते माणसाने हौसेने लावले. द्राक्षाचा डॉगरिज खुंटही मूळचा टेक्सासचा, तोही मुद्दाम आणलेला. दगडी पाला मात्र तण म्हणून पसरला. त्याचं केसाळ बी वाऱ्यावर कुठेही जातं. हूकरच्या ‘फ्लोरा ऑफ ब्रिटिश इंडिया’त 1881 मध्ये तो आहेच.

मग त्याचा रस जखमेवर लावायला शिकवलं कुणी? पोर्तुगीज जहाजांतून झाडाबरोबर औषधही आलं, असं म्हणणं सोपं आहे. मला ते पटत नाही. ग्वाटेमालात हे झाड पांडुरोग, दाह, पोटाच्या तक्रारी यांवर देतात. ज्ञान तिकडून आलं असतं, तर हे उपयोगही आले असते. आपल्याकडे ठळक राहिला तो रक्त थांबवण्याचा. मग आधीच वापरात असलेल्या एखाद्या झाडाची जागा याने घेतली असावी. त्याचा एक दावेदार माका. माक्याच्या, म्हणजे भृंगराजाच्या नावाखाली काही जण आजही दगडी पालाच देतात. पण माका पाटाच्या ओलीवर वाढतो. कोरड्या बांधावर तो सापडायचा कुठे?

माझा कौल भांबुर्डीला. ती इथलीच, सूर्यफुलाच्याच कुळातली. भावप्रकाशात ती कुकुंदर नावाने रक्तविकारांवर सांगितली आहे, आणि गावाकडे तिचा रस वाहत्या रक्तावर लावतात. अडचण एवढीच, की ती थंडीत वाढते आणि उन्हाळ्यात वाळते. ऑक्टोबर छाटणीला ती हाताशी नसते. दगडी पाला बाराही महिने हिरवा. माणसांनी उपाय तोच ठेवला, झाड बदललं. नवख्या तणाला जुन्या औषधाची जागा देणारी ही शेतकऱ्यांची पारख मला कोणत्याही पोथीइतकीच मोलाची वाटते.

उंदरांवरच्या प्रयोगांत या रसाने जखम लवकर भरल्याच्या नोंदी 1980च्या दशकापासून आहेत. तरीही घाव खोल असेल, तर पाला चोळत बसू नका. स्वच्छ कापडाने दाबून धरा, दवाखाना गाठा आणि धनुर्वाताचं इंजेक्शन घ्या.