दूरस्थ फाइल-स्थानांतर

संगणकांच्या जाळ्यातून दूरच्या यंत्रावर फाइल पाठविणे, तेथून ती आणणे, तसेच तेथील फाइलींची सूची पाहणे, त्यांची नावे बदलणे किंवा त्या पुसून टाकणे या क्रियांना ही संज्ञा लावतात. यासाठी दीर्घकाळ वापरात असलेली नियमावली म्हणजे फाइल ट्रान्सफर प्रोटोकॉल, संक्षेपाने एफटीपी, ही होय. तिची योजना संगणकापुढे बसलेल्या माणसासाठी झाली. परंतु पुढे जाळे चालविणारी यंत्रे, विशेषतः स्विच, हीच तिची नित्याची गिऱ्हाइके बनली.

एफटीपीचा पहिला मसुदा १६ एप्रिल १९७१ रोजी प्रसिद्ध झाला. कानपूर येथील भारतीय तंत्रविद्या संस्थेच्या पहिल्या तुकडीचे पदवीधर अभय भूषण हे त्याचे कर्ते असून ते त्या वेळी अमेरिकेतील मॅसॅचूसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेत काम करीत होते. अमेरिकी संरक्षण खात्याच्या आर्पानेट या जाळ्यावर तेव्हा मोजकेच संगणक होते. त्यांच्या बनावटी निरनिराळ्या होत्या. अक्षरांची सांकेतिक रूपे व फाइली ठेवण्याच्या पद्धतीही एकमेकींशी जुळत नसत. समोरच्या संगणकाची अंतर्गत रचना माहीत नसतानाही त्यावरील फाइल हाताळता यावी, हा या मसुद्याचा हेतू होता. १ जानेवारी १९८३ रोजी आर्पानेटने टीसीपी/आयपी ही नवी नियमावली स्वीकारली. तिच्याशी जुळणारे एफटीपीचे स्वरूप जॉन पोस्टेल व जॉइस रेनल्ड्स यांनी ऑक्टोबर १९८५ मध्ये निश्चित केले. मूलतः तेच आजही प्रमाण मानले जाते.

या पद्धतीत दोन स्वतंत्र जोडण्या असतात. एकीवरून आज्ञा व त्यांची उत्तरे जातात (द्वार क्रमांक २१), तर दुसरी प्रत्यक्ष फाइलीसाठी प्रत्येक वेळी नव्याने उघडली जाते. फाइल अक्षररूपात पाठवावयाची की द्विमान रूपात हे आधी सांगावे लागते. अक्षररूपात ओळींच्या शेवटच्या खुणा बदलल्या जात असल्यामुळे आज्ञावलीची फाइल चुकून त्या रूपात पाठविल्यास ती निकामी होते. वापरणाऱ्याचे नाव व परवलीचा शब्द मात्र उघड अक्षरांतच पाठविले जातात. जाळ्यावरील मंडळी परस्परांना ओळखत होती, त्या काळाचा हा अवशेष होय.

भारतात शैक्षणिक व संशोधन संस्थांना जोडणाऱ्या ‘अर्नेट’ या जाळ्याची उभारणी १९८६ मध्ये सुरू झाली. मुंबईतील राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्र हे त्याचे एक प्रमुख केंद्र होते. तेथून १९८९ मध्ये अमेरिकेशी सेकंदाला ९,६०० बिट इतक्या वेगाची जोडणी झाली. या वेगाने एक मेगाबाइटची फाइल आणण्यास, मार्ग पूर्ण मोकळा असला तरी, सुमारे पंधरा मिनिटे लागत. विदेश संचार निगमाने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सेवा १५ ऑगस्ट १९९५ रोजी सुरू केली, तीही प्रथम महानगरांत. सोलापूरसारख्या जिल्ह्याच्या ठिकाणी त्याआधी पोहोचले ते राष्ट्रीय सूचनाविज्ञान केंद्राचे ‘निकनेट’ हे उपग्रहाधिष्ठित शासकीय जाळे.

याच सुमारास जाळ्यांच्या रचनेत एक महत्त्वाचा बदल झाला. ‘कल्पना’ असे भारतीय नाव धारण करणाऱ्या अमेरिकेतील एका कंपनीने १९९० मध्ये अनेक द्वारांचा ईथरनेट स्विच बाजारात आणला (१९९४ मध्ये ही कंपनी सिस्को या कंपनीने विकत घेतली). आलेला संदेश सर्वांना न देता ज्याचा त्यालाच पोहोचविणारे हे यंत्र वस्तुतः एक लहान संगणकच असते. त्यात मुख्यतः दोन प्रकारच्या फाइली असतात : यंत्र चालविणारी आज्ञावली आणि त्याची मांडणी सांगणारी फाइल. कोणते द्वार कोणत्या विभागाचे, कोणास कोठे प्रवेश, हे सर्व दुसऱ्या फाइलीत असते. चालू मांडणी बहुधा तात्पुरत्या स्मृतीत राहते. ती कायम स्मृतीत नोंदविली नाही, तर वीज जाताच नाहीशी होते. कायम स्मृतीही लहान असते व यंत्र बिघडले तर तीही हातची जाते. म्हणून स्विचनेच दूरच्या संगणकाशी जोडणी करून आपली मांडणी तेथे ठेवावी व नवी आज्ञावली तेथून आणावी, अशी सोय उत्पादकांनी केली.

या सोयीचे मोल अंतर वाढते तसे वाढते. केंद्र शासनाने २००५ मध्ये मंजूर केलेल्या राज्यव्यापी जाळ्यांच्या योजनेत राज्य, जिल्हा व तालुका वा गट या पातळ्या किमान २ मेगाबिट वेगाने जोडावयाच्या होत्या. सोलापूर जिल्ह्यात ११ तालुके आहेत. करमाळा तर जिल्ह्याच्या ठिकाणापासून शंभर किलोमीटरांहून अधिक दूर. उन्हाळ्यात तापमान ४० से.च्या वर जाणाऱ्या या प्रदेशात एखाद्या तालुक्याचा स्विच जळाला आणि त्याची मांडणी जिल्ह्याच्या संगणकावर ठेवलेली असली, तर बदली यंत्र बसवून ती फाइल त्यात उतरविली की काम चालू होते. ती ठेवलेली नसेल, तर जाणकाराने तेथे जाऊन एकेक द्वार नव्याने मांडावे लागते आणि तोपर्यंत दाखल्यांसाठी आलेले लोक खिडकीशी ताटकळत राहतात.

याच कामासाठी टीएफटीपी ही आणखी साधी नियमावलीही प्रचारात होती. कॅरेन सोलिन्स यांनी १९८१ मध्ये मांडलेल्या या पद्धतीत फाइल ५१२ बाइटांच्या तुकड्यांनी जाते. परवलीचा शब्द, फाइलींची सूची यांपैकी काहीच नसते. तुकड्यांचे क्रमांक १६ बिटांत बसवावे लागत असल्याने तिच्या मूळ स्वरूपात सु. ३२ मेगाबाइटांची मर्यादा येई. स्विचच्या आज्ञावली मोठ्या होत गेल्या, तशी एफटीपीकडे वळण्याची गरज वाढली.

तथापि एफटीपीचा मूळ दोष स्विचच्या बाबतीत अधिक गंभीर ठरतो. मांडणीच्या फाइलीत जाळ्याचा आराखडा असतो आणि पुष्कळदा इतर परवलीचे शब्दही असतात. ती वाटेत वाचणाऱ्याच्या हाती एका यंत्राची नव्हे, तर साऱ्या जाळ्याची किल्ली पडते. जाळ्यांवर पाळत ठेवून परवलीचे शब्द चोरण्याचे प्रकार १९९४ मध्ये मोठ्या प्रमाणावर उघडकीस आले. स्वतःच्या विद्यापीठात असाच प्रकार घडल्यावर फिनलंडमधील टाटू इलोनेन यांनी १९९५ मध्ये एसएसएच ही सांकेतिक जोडणीची पद्धत तयार केली. तिच्यावर आधारलेल्या एससीपी व एसएफटीपी या पद्धतींनी पुढे एफटीपीची जागा बळकावली. एफटीपीला सांकेतिक आवरण देण्याचे नियमही १९९७ व २००५ मध्ये प्रसिद्ध झाले; पण ते स्विचमध्ये क्वचितच उतरले. क्रोम व फायरफॉक्स या न्याहाळकांनी २०२१ मध्ये एफटीपीचा आधार काढून टाकला.

जुन्या बनावटीच्या स्विचांत मात्र एफटीपी अद्याप टिकून आहे, कारण त्यांतील काहींत दुसरी सोयच नाही. अशा ठिकाणी फाइली साठविणारा संगणक इतर वाहतुकीपासून वेगळ्या केलेल्या जाळ्यात ठेवतात, एफटीपी सेवा कामापुरतीच चालू करतात आणि आणलेल्या आज्ञावलीचा पडताळा-अंक उत्पादकाने दिलेल्या अंकाशी जुळल्याखेरीज यंत्र पुन्हा सुरू करीत नाहीत.