पारवा, बादशहा आणि डार्विन

आजची गोष्ट सुरू होते १४९४ साली, मध्य आशियातल्या फरगाण्यात. अख्सीच्या किल्ल्यात कड्यावर कबुतरांची ढाबळ होती. कडा ढासळला आणि कबुतरांसकट तिथला राजा उमर शेख मिर्झा खाली कोसळून मेला. हे लिहून ठेवलंय त्याच्याच मुलाने, म्हणजे बाबराने.

आता या बाबराचा नातू अकबर. पणजोबा ढाबळीपायी गेला, तरी नाद काही सुटला नाही! अकबराने या छंदाला नाव दिलं 'इश्कबाजी'. 'आईन-ए-अकबरी'त अबुल फजल सांगतो, दरबारी वीस हजारांवर कबुतरं होती, त्यातली ५०० खास. बादशहा वेगवेगळ्या जातींच्या जोड्या लावून वाण सुधारायचा.

त्यात दोन नावं येतात, लक्का आणि लोटन. लक्क्याचं घुमणं गोड, मानेचा डौल राजेशाही. आणि लोटन? त्याला हलवून जमिनीवर ठेवा, की ते कोलांट्या मारत सुटतं.

पुढे १८५५ च्या सुमारास इंग्लंडात चार्ल्स डार्विन कबुतरं पाळायला लागला. भारतातून वॉल्टर एलियट त्याला कबुतरांची कातडी पाठवत होता. डार्विनने पिसं मोजली. कबुतराच्या शेपटीत साधारण १२ ते १४ पिसं असतात, पण लक्क्याच्या पिसाऱ्यात ३०, कधी ४० सुद्धा! तरी त्याचा निष्कर्ष काय? या सगळ्या जाती एकाच पक्ष्यापासून आल्या. कुठला पक्षी? आपल्या खिडकीत घुमतो तो पारवा! माणूस पिढ्यान्‌पिढ्या आवडीची पिल्लं निवडत गेला, बस्स. १८५९ च्या 'ओरिजिन ऑफ स्पीशीज'च्या पहिल्याच प्रकरणात हे आहे, आणि तिथे अकबराचंही नाव आहे.

पण डार्विनने आणखी एक गोष्ट नोंदवली. लोटन आपणहून थांबत नाही. त्याला उचलून, तोंडावर फुंकर घालून शांत करावं लागतं. नाही उचललं तर ते लोळून लोळून मरतं, असं लोक सांगत.

म्हणजे बघा, कोलांटी आपल्याला आवडली म्हणून आपण ती वाढवत नेली. थांबायचं कसं, हे मात्र त्या पक्ष्याच्या हातात उरलं नाही. म्हणून तुम्ही कबुतरं पाळत असाल, तर जोडी लावताना पिसारा जरूर बघा. पण त्या पिल्लाला धड उडता येईल का, हे आधी बघा.

भेटू पुढच्या भागात!