लास व्हेगासचे दोन न्याय

सप्टेंबर २०१५ मध्ये लास व्हेगासच्या जागतिक स्पर्धेत कांस्यपदक जिंकून नरसिंग यादव या तीन वेळच्या महाराष्ट्र केसरीने ७४ किलो गटात रिओ ऑलिंपिकचा कोटा मिळवला. पुढे त्याच्या नमुन्यात मेथॅन्डायनोन हे स्टेरॉइड सापडले. ते कोणीतरी आपल्या अन्नपेयात मिसळले, हे त्याचे म्हणणे ‘नाडा’च्या समितीने १ ऑगस्ट २०१६ रोजी मान्य केले, १८ ऑगस्टला, कुस्तीच्या आदल्या दिवशी, क्रीडा लवादाने ते फेटाळले. पुराव्याअभावी चार वर्षे बंदी!

आता त्याच शहराचा दुसरा न्याय पाहू. फेब्रुवारी २०१८ मध्ये मेक्सिकोचा मुष्टियोद्धा कानेलो आल्वारेझ याच्या दोन चाचण्यांत क्लेनब्युटेरॉल आढळले. त्याने दूषित मांसाकडे बोट दाखवले. ‘वाडा’च्या संहितेने न बांधलेल्या नेवाडा राज्य आयोगाने सहा महिन्यांची बंदी घातली, तीही पहिल्या चाचणीपासून मोजून. सप्टेंबरात लास व्हेगासमध्येच तो गोलोव्हकिनशी लढला आणि जिंकला.

द्रव्ये निराळी होती, आणि मेक्सिकोतील मांसाचा दोष खोटा नव्हे, हे आम्हांस मान्य आहे. परंतु कानेलोच्या लढतीवर एका शहराची कमाई अवलंबून होती. नरसिंगच्या कुस्तीला तिकिटे कोण घेणार होते? फुलसावंगीसारख्या गावातल्या तालमीतील पोराने यातून काय समजावे, हे आम्हांस सांगता येत नाही.

डिसेंबर २०२० मध्ये नरसिंग बेलग्रेडला पुन्हा मॅटवर उतरला, तेव्हा तो ३१ वर्षांचा होता.