दुर्गा खोटे : घर चालवायला सिनेमात आल्या, पण एकाच स्टुडिओच्या होऊन राहिल्या नाहीत

‘मुघल-ए-आझम’मधली जोधाबाई आठवते? नवरा आणि मुलाच्या भांडणात सापडलेली आई. ‘बॉबी’मधली आजीही त्याच, दुर्गा खोटे. आजच्या पिढीला त्या आई आणि आजी म्हणूनच माहीत आहेत. खरा किस्सा मात्र त्याच्या बराच आधीचा आहे.

१४ जानेवारी १९०५ चा जन्म, माहेरचं आडनाव लाड. गिरगावातल्या कांदेवाडीत, मोठ्या एकत्र कुटुंबात त्या वाढल्या. शिक्षण कॅथेड्रल हायस्कूल आणि सेंट झेवियर्स कॉलेजात. लग्न सुखवस्तू खोटे घराण्यात झालं. (‘शोले’तला कालिया म्हणजे विजू खोटे, ते त्यांचे पुतणे.) पण सासरची आर्थिक घडी विस्कटली. पदरात दोन मुलं, त्यामुळे कमावणं भाग होतं.

१९३१ मध्ये ‘फरेबी जाल’मध्ये छोटी भूमिका मिळाली. सिनेमा पडला आणि टीका मात्र भरपूर झाली. चांगल्या घरची बाई सिनेमात जात नाही, असं मानायचा तो काळ. किती? दादासाहेब फाळक्यांना १९१३ च्या ‘राजा हरिश्चंद्र’मध्ये तारामतीसाठी बाई मिळाली नव्हती, अण्णा साळुंके या पुरुषाने ती भूमिका केली. १९३२ मध्ये कोल्हापूरच्या ‘प्रभात’ने हीच कथा ‘अयोध्येचा राजा’ म्हणून बोलपटात आणली. दिग्दर्शक व्ही. शांताराम, हरिश्चंद्र गोविंदराव टेंबे आणि तारामती दुर्गा खोटे. गाणीही त्यांनीच गायली. मराठी आणि हिंदी, दोन्ही भाषांत सिनेमा निघाला आणि चालला. नावं ठेवणाऱ्यांना उत्तर मिळालं.

आता महत्त्वाचा मुद्दा. त्या काळी कलाकार स्टुडिओचे पगारी नोकर असत. हॉलिवूडमध्येही तेच होतं. तिथे ऑलिव्हिया डी हॅविलंडला करारातून सुटण्यासाठी १९४३ मध्ये वॉर्नर ब्रदर्सला कोर्टात खेचावं लागलं. दुर्गाबाई त्याच्या दहा वर्षं आधीच कोल्हापूर सोडून कलकत्त्यात देवकी बोस यांच्याकडे ‘राजरानी मीरा’ आणि ‘सीता’ करत होत्या. मग ‘प्रभात’मध्ये परतून ‘अमर ज्योती’ (१९३६) केला. त्यातली सौदामिनी मुलाचा ताबा नाकारणाऱ्या कायद्याविरुद्ध बंड करते आणि थेट समुद्री चाचे होते! सगळ्या भूमिकांत हीच एक आधी बघावी. पुढच्याच वर्षी ‘साथी’ची निर्मिती आणि दिग्दर्शन त्यांनी स्वतः केलं.

रंगभूमीवर शिरवाडकरांच्या ‘राजमुकुट’मध्ये त्यांनी काम केलं. १९६८ मध्ये पद्मश्री मिळाली. ‘मी, दुर्गा खोटे’ हे आत्मचरित्रही त्यांनी लिहिलं. १९८३ चा दादासाहेब फाळके पुरस्कार मिळाला, म्हणजे तारामतीसाठी बाई न सापडलेल्या त्याच फाळक्यांच्या नावाचा.

२२ सप्टेंबर १९९१ रोजी त्यांचं निधन झालं. त्याआधी काहीच वर्षं दूरदर्शनवर एक मालिका घराघरात पोहोचली होती, ‘वागले की दुनिया’. ती दुर्गा खोटे प्रॉडक्शन्सचीच.