तारेची भाषा

आत्याने फोनवर दोनदा विचारलं, "नानांच्या आठवणींचं टायपिंग कुठवर आलं गं?" दोन्ही वेळा मी "चाललंय" म्हणून वेळ मारून नेली. तर मंडळी, आज कबुली देऊन टाकते.

मुलीने माझ्या जुन्या लॅपटॉपवर लिनक्स बसवून दिलं आणि वर हुकूम सोडला, "आई, माऊस सोड, टर्मिनल शिक." म्हणजे काळ्या चौकटीत आपण आज्ञा टाइप करायच्या. फायलींची यादी हवी तर 'एलएस', नक्कल हवी तर 'सीपी', हलवायची किंवा नाव बदलायचं तर 'एमव्ही', पुसायची तर 'आरएम'. काम झालं तरी यंत्र हूं की चूं करत नाही. मला हे सगळं फार तुसडं वाटायचं.

एका रात्री '.बॅक' अशी शेपटी असलेल्या जुन्या प्रती पुसायला बसले. 'आरएम' लिहायचं, मग चांदणीचं चिन्ह, म्हणजे 'नाव काहीही असो', आणि तिला चिकटून '.बॅक'. चांदणीनंतर चुकून एक मोकळी जागा पडली. यंत्राने त्याचा अर्थ घेतला: इथलं सगळं पूस, आणि शिवाय '.बॅक' नावाची फाईलही पूस. सगळं निमूट पुसलं गेलं. तक्रार एवढीच आली की '.बॅक' नावाची फाईल सापडत नाही! नानांची चाळीस पानं गेली, जुन्या प्रतींसकट. 'आरएम'ला कचऱ्याची टोपली माहीत नाही.

हे असं कुणी आणि का करून ठेवलंय, म्हणून रागारागाने वाचायला लागले. वाचत वाचत पोचले न्यू जर्सीतल्या मरे हिलला, बेल लॅब्समध्ये. १९६९ च्या उन्हाळ्यात केन थॉम्पसनने तिथे पीडीपी-७ या तेव्हाच जुन्या झालेल्या यंत्रावर युनिक्सचं पहिलं रूप महिन्याभरात उभं केलं. जोडीला डेनिस रिची. लिनक्स १९९१ सालचं, पण त्यातल्या ह्या आज्ञा युनिक्सच्या घराण्यातल्या. या मंडळींचं काम चालायचं टेलिटाइपवर. टाइपरायटरसारखं धूड, कळा जड, आणि छपाई कागदाच्या गुंडाळीवर, सेकंदाला फक्त दहा अक्षरं. साठ अक्षरांची एक ओळ उमटायला सहा सेकंद! मग कोण कशाला लांबलचक आज्ञा लिहील? आणि "आपले काम यशस्वीरीत्या पार पडले आहे" हे छापून होईपर्यंत कोण ताटकळत बसेल?

युनिक्सची पहिली मार्गदर्शिका ३ नोव्हेंबर १९७१ ची. वरच्या चारही आज्ञा तिच्यात आहेत. दुसऱ्या फोल्डरात जायची आज्ञा तेव्हा पाच अक्षरांची होती, 'सीएचडीआयआर'. पुढे तिचीही 'सीडी' झाली. 'ईडी' नावाच्या संपादकाला काही खटकलं की तो नुसतं प्रश्नचिन्ह छापायचा. आपण कुठल्या टर्मिनलवर बसलोय ते सांगणारी आज्ञा आजही 'टीटीवाय' आहे, म्हणजे टेलिटाइपच. यंत्र केव्हाच गेलं, त्याच्या सवयी मात्र राहिल्या.

हे सगळं नानांना वाचून दाखवलं. नानांची नोकरी तार ऑफिसातली. जुलै २०१३ मध्ये आपल्याकडची तारसेवा बंद झाली, तेव्हा बातम्या लागल्या की ते उठून गॅलरीत जायचे. टेलिप्रिंटर त्यांच्या ओळखीचा. ते म्हणाले, "त्यात नवल काय? शब्दाला पैसे पडतात म्हटल्यावर 'कृपया' कोण लिहितो? आणि घोटाळा झाला तरच कळवायचं. पोचली ती पोचली."

मग मला फाईलचं सांगावंच लागलं.

नाना बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "आम्ही तार घेताना पेन्सिलीने एकेक शब्द मोजायचो. वाचल्याशिवाय पुढे जायची नाही. तू ओळ वाचलीस का पाठवण्याआधी?"

नव्हती वाचली. यंत्र तुसडं नव्हतं, ते मला तार ऑफिसातल्या माणसासारखं जाणकार समजत होतं. आता मी तीच चांदणी आधी 'एलएस'ला देते. जी नावं दिसतील तीच पुसली जाणार, हे डोळ्यांनी पाहते, आणि मगच 'आरएम' लिहिते. मुलीने त्यापुढे 'उणे आय' लिहायलाही शिकवलंय, म्हणजे प्रत्येक फाईल पुसण्याआधी ते विचारतं. आणि जुन्या प्रती आता वेगळ्या पेनड्राईव्हवर असतात.

दुसऱ्या दिवशी दुपारी नानांनीच हाक मारली, "बस, पहिल्यापासून सांगतो. मागच्या वेळी रत्नागिरीच्या बदलीचं गाळलं होतं मी, ते ह्या वेळी घे."

आत्या, आजवर नऊ पानं झालीत. म्हणून उशीर. असो.